23 नंबरचं आसन

विपश्यनेच्या ध्यान शिबिरात माणसाचं नाव पहिल्या संध्याकाळी गळून पडतं आणि नंबर उरतो. धम्म हॉलमधल्या आसनाला जो नंबर, तोच सेवकाच्या वहीत. ‘41 अजून उठले नाहीत, बघून ये’, ‘17 ला खुर्ची हवी’. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना म्हणून इथेही 23 नंबरच म्हणतो. लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदला, एवढीच अट होती, ती पाळली आहे. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. ठाण्याहून लोकल आणि पुढे रिक्षा करून जाता येतं, एवढं पुरे.

मी ठाण्यात औषधाचं दुकान चालवतो. वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, दुकान मुलावर टाकून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात धम्मसेवक म्हणून जातो. सेवकाचं काम मोठं नसतं. पहाटे 4 ला घंटा वाजवायची, हॉलमध्ये कोण आलं नाही ते बघायचं, ज्यांना आचार्यांना भेटायचंय त्यांची यादी करायची, पंखा जोरात आहे की हळू यावरून होणारी मूक भांडणं सोडवायची. शिकवायचं काम आपलं नाही, तोंड कमीत कमी उघडायचं. या प्रकरणात मी ते नको तिथे बंद ठेवलं आणि नको तिथे उघडलं. तेच लिहायचं आहे.

नोंदणीचं टेबल

शिबिराचा आदला दिवस, ज्याला आम्ही शून्य दिवस म्हणतो, तो सगळ्यात गडबडीचा. दुपारी 2 पासून माणसं येतात, बॅगा, मोबाइल जमा करायचे, खोल्या द्यायच्या. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: शारीरिक किंवा मानसिक आजार आहे का, कुठलं औषध चालू आहे का. 23 नंबर माझ्यासमोर बसले तेव्हा मागे तीसेक माणसं उभी होती. वय 41, राहायला खारेगावला, नोकरी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. जुने साधक, दोन वर्षांपूर्वी एक शिबिर झालेलं. औषधाच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं. थांबलं म्हणजे चांगलं चार-पाच सेकंद. मग त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

रेघ कोण मारतं? मी बघितलं, फॉर्म उचलला आणि म्हटलं, पुढचे या.

पहिल्या शिबिरातलं सुख

त्यांचं पहिलं शिबिर कसं झालं होतं हे आधी सांगायला हवं, कारण दुसऱ्यात ते त्याच्याच मागे आले होते.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी लहानशी जागा आहे तिथे श्वासाचा स्पर्श बघत बसायचं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. मन डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत फिरवायचं आणि जिथे जे जाणवेल ते जाणायचं. दुखतंय, तापलंय, जड झालंय, खाजतंय, या स्थूल संवेदना. मुंग्या, हलकी थरथर, बारीक लहरी, या सूक्ष्म. काही साधकांना एखाद्या बैठकीत सगळं अंगच विरघळल्यासारखं होतं, डोक्यापासून पायापर्यंत एकच हलकी लहर. ही शिबिरं ज्यांनी भारतात सुरू केली त्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत त्याला धाराप्रवाह म्हणतात. संध्याकाळच्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनात गुरुजी पुन्हा पुन्हा बजावतात की ही बक्षिसाची ट्रॉफी नव्हे. आली तर जाणा, गेली तर जाणा.

23 नंबरना आठव्या दिवशी ती आली होती. नंतर त्यांनी मला सांगितलं, “काका, त्या एका तासात मला पहिल्यांदा वाटलं की हे शरीर माझ्या विरुद्ध नाहीये.” हे वाक्य साधं नाही. त्याच्या वर्षभर आधी ठाणे स्टेशनवर, ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे जाणाऱ्या पुलावर, सकाळच्या गर्दीत त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली होती, हातपाय गार पडले होते आणि आपण आता मरणार याची खात्री पटली होती. लोकांनी धरून खाली बसवलं. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला आला. पुढच्या दोन महिन्यांत असं तीनदा झालं. ज्या माणसाला स्वतःच्या छातीची भीती बसलीय त्याला तासभर ती छाती लहरीसारखी हलकी वाटली, तर तो ते विसरणार कसा?

बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात विपश्यनेचे दहा उपक्लेश, म्हणजे साधकाला वाटेत अडकवणाऱ्या गोष्टी, सांगितलेत. प्रकाश दिसणं, प्रीती, सुख, शांती वगैरे. दहावा आहे निकन्ति, म्हणजे या सगळ्याची लागलेली सूक्ष्म गोडी. बाकीचे नऊ आपल्या जागी निरुपद्रवी असतात, दहावा त्यांना उपद्रवी करतो. दुसऱ्या शिबिराला येताना 23 नंबरांच्या बॅगेत सगळ्यात जड वस्तू हीच होती.

डोळे आधी, डोकं मागाहून

दुसऱ्या दिवशी ते आनापानात छान बसले होते. तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर माझ्याकडे आले. शिबिरात मौन असतं, पण गरजेपुरतं सेवकाशी बोलायची मुभा असते. म्हणाले, “चक्कर येतेय. डोळे आधी वळतात, डोकं मागाहून येतं.”

दुकानात कोणी असं म्हणालं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते. इथे मी त्यांना पाण्यात इलेक्ट्रॉल घालून दिलं आणि म्हटलं, पित्त असेल, होतं असं, पहाटे उठायची सवय नसते. रात्री भयानक स्वप्नं पडतात असंही ते म्हणाले. मी म्हटलं, होतं असं. शिबिरात ‘होतं असं’ हे वाक्य आम्ही सेवक दिवसातून वीसदा तरी म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. गुडघे दुखतात, बद्धकोष्ठ होतं, एखादा ढसाढसा रडतो, एखाद्याला शाळेतल्या मास्तरांचा राग येतो. होतं असं.

चौथ्या दिवशी विपश्यना मिळाली. संध्याकाळी 23 नंबर हॉलमधून बाहेर आले तेव्हा चेहरा उजळलेला. पाचव्या दिवशी दुपारी 12 च्या भेटीसाठी त्यांनी नाव दिलं. साधकाला आचार्यांपुढे बसवून मी नियमाप्रमाणे बाजूला बसलो.

ते म्हणाले, “सर, धाराप्रवाह आला. पहिल्यापेक्षा जोरात. डोक्यातून करंट निघतो तो थेट बोटांपर्यंत जातो. नजर फिरवली की निघतोच.”

आचार्यांनी विचारलं, “सुखद वाटतो की दुःखद?”

“सुखदच म्हणायचा.”

“ठीक आहे. येईल आणि जाईल. मागू नका.”

जे सांगितलं गेलं त्याला हे उत्तर बरोबरच होतं. पण मी तिथे बसलो होतो आणि ‘करंट’ हा शब्द ऐकला होता. माझ्या काउंटरवर हा शब्द महिन्यातून एकदा तरी येतोच. “काका, गोळी संपली, चार दिवस झाले, डोक्यात करंट मारतोय.” हुबेहूब हाच शब्द, हीच नजर फिरवायची खूण. तो माझ्या कानावर पडला आणि आत गेला नाही. सेवेला जाताना दुकान घरी ठेवून जायचं, असं मला तोवर वाटायचं.

पुढचे दीड दिवस त्यांनी झपाट्याने घालवले. विपश्यना मिळाल्यावर रोजच्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या असतात: तासभर डोळे, हात, पाय हलवायचे नाहीत. हे दोन-दोन तास हलेनात. जुन्या साधकांना पाचाऐवजी आठ शीलं, म्हणजे नियम, पाळायची असतात, त्यामुळे दुपारी 12 नंतर जेवण नसतं, संध्याकाळी नुसतं लिंबूपाणी. यांनी दुपारचं ताटही अर्ध्यावर आणलं. आणि झोप उडाली. झोप नाही आली तर घाबरू नका, पडल्या पडल्या संवेदना बघा, हे शिबिरात सांगितलं जातं आणि बहुतेक माणसांना ते उपयोगाचं ठरतं. यांनी ते पाठ केलं होतं. रात्रभर पडून करंट बघत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीत ते रडले. त्यानंतर वऱ्हांड्यातल्या गळक्या नळावर ओरडले. नळावरच, माणसावर नाही. आर्य मौनात सहा दिवस काढलेल्या जागेत तो आवाज किती मोठा वाटला असेल याची कल्पना येईल.

काउंटरवरचा प्रश्न

त्या रात्री साडेअकराला मी फेरी मारत होतो. पाण्याच्या कूलरजवळच्या पायरीवर ते बसले होते. घामाने शर्ट भिजलेला, पाय हलत होता, थांबत नव्हता.

“काका, झोपेची गोळी असेल का हो तुमच्याकडे?”

मी औषधवाला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पण हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो आणि त्याला माझं तोंड आपोआप एकच उत्तर देतं. तेच दिलं.

“आधी कुठली चालू होती?”

ते बघत राहिले. मग म्हणाले, “बंद केली.”

“कधी?”

“आठ दिवस झाले.”

“नाव?”

“पॅरोक्सेटीन. पंचवीस.”

“किती दिवस घेत होतात?”

“तीन वर्षं होत आली.”

मी पायरीवर शेजारी बसलो. खरं तर सेवकाने असं बसायचं नसतं. मग सगळं बाहेर आलं. पुलावरच्या त्या प्रकारानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी ही गोळी दिली होती. तिने गुणही आला होता, लोकलचा प्रवास पुन्हा जमू लागला होता. घरात फक्त बायकोला माहीत. आईला ‘बीपीची गोळी’ सांगितलेलं.

“मग पहिल्या शिबिरात?”

“घेत होतो की. मोज्यात स्ट्रिप ठेवली होती.”

म्हणजे ज्या शिबिरात तो गाजलेला धाराप्रवाह आला, त्यात ते रोज रात्री मोज्यातून गोळी काढून घेत होते. हे सांगताना त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या आलं, पण ती वेळ नव्हती.

बंद का केली? पहिल्या शिबिरानंतर कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की गोळीने संवेदना बोथट होतात, आणि पाचवं शील मोडतं. पाचवं शील सुरा-मेरय-मज्ज यांपासून दूर राहण्याचं आहे, म्हणजे दारू आणि तत्सम नशेपासून. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यात बसत नाही. शिबिरासाठी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका, हे केंद्रं स्पष्ट सांगतात. पण सांगोवांगी आलेली गोष्ट छापील सूचनेपेक्षा जास्त पटते, हा माझा दुकानातलाही अनुभव आहे. शिबिराच्या दोन दिवस आधी त्यांनी शेवटची गोळी घेतली आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘स्वच्छ होऊन’ आले.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. पॅरोक्सेटीन मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करते. या गटातल्या गोळ्यांची चटक लागत नाही, पण शरीर त्यांना सरावतं. काही महिन्यांनंतर त्या एकदम तोडल्या तर बऱ्याच जणांना त्रास होतो: चक्कर, मळमळ, घाम, झोप उडणं, फार स्पष्ट आणि भीतिदायक स्वप्नं, चिडचिड, रडू, आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, विशेषतः डोळे फिरवताना. साधारण दोन ते चार दिवसांत हे सुरू होतं. त्याच गटातली फ्लुओक्सेटीन शरीरात आठवडे रेंगाळते, म्हणून तिचा असा त्रास कमी. पॅरोक्सेटीन लवकर निघून जाते आणि या बाबतीत तीच सगळ्यात बदनाम आहे. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडे, कधी महिने घेऊन पायरी-पायरीने उतरवायची असते.

हे वाचून आता तिसऱ्या दिवसाची चक्कर, स्वप्नं आणि पाचव्या दिवसाचा करंट पुन्हा आठवा. आठवड्याभरापूर्वीच्या शेवटच्या गोळीने लिहिलेलं वेळापत्रक होतं ते, आणि आम्ही तिघेही, साधक, आचार्य आणि सेवक, ते शिबिराचं वेळापत्रक समजून वाचत होतो.

रात्रीचं दूध आणि केळं

मी आचार्यांना उठवलं. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे. शाल गुंडाळून आले, उभ्यानेच सगळं ऐकलं. मला वाटलं होतं ते काही उपदेश करतील. त्यांनी आधी एकच विचारलं, “जीव नकोसा वाटतोय का?”

“नाही सर. पण झोपलो तर मरेन असं वाटतंय.”

“मग आता झोपू नका. डोळे मिटायचेच नाहीत. साधना बंद. पाय जमिनीवर घट्ट टेकवा आणि इथे काय काय दिसतंय ते मला सांगा.”

23 नंबर सांगू लागले: कूलर, बादली, चप्पल, दुसरी चप्पल, लाइटवरची पाल. आचार्यांनी मला स्वयंपाकघरातून दूध आणि केळी आणायला पाठवलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. ते म्हणाले, “सर, माझं शील...” आचार्य म्हणाले, “आजपासून तुम्हाला पाचच शीलं. खा.” दोन केळी खाल्ली. सेवकांच्या खोलीत त्यांना माझ्या शेजारच्या गादीवर झोपवलं, दिवा चालू ठेवून. तास-दीड तास डोळा लागला असेल.

सकाळी त्यांचा मोबाइल कपाटातून काढला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, नेहमीच्याच डोसाने आजच सुरू करा, संध्याकाळी मला दाखवा, एकटे येऊ नका. औषध द्यायचं की नाही हे ना आचार्यांनी ठरवलं ना मी. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून एवढी अक्कल आली आहे.

अडचण पुढेच होती. ते जायला तयार नव्हते. ‘काहीही झालं तरी दहा दिवस पूर्ण करा’ हे शिबिरात पहिल्या दिवसापासून ऐकवलं जातं. हे मनाचं ऑपरेशन आहे, टेबलावरून मध्येच उठून जाणं धोक्याचं, ही उपमाही ऐकवली जाते. ती त्यांच्या मनात घट्ट बसली होती. गेलो तर आयुष्यभर उघडी जखम घेऊन फिरेन, असं ते खरोखर मानत होते. आमच्यातला एक तरुण सेवकही त्यांच्याच बाजूचा होता. खोल संखार (मनात साचलेला जुना संस्कार) वर आलाय, आता थांबवलं तर सगळं वाया, असं तो कळवळून म्हणत होता. मुलगा चांगला आहे, पहाटेची घंटा कधी चुकवत नाही.

आचार्य त्याला म्हणाले, “ऑपरेशन चालू असताना पेशंटचं बीपी पडलं तर सर्जन चाकू चालवत राहतो का?” आणि 23 नंबरांना म्हणाले, “तुम्ही पळून जात नाही आहात. मी पाठवतोय. हा माझा निर्णय, जबाबदारी माझी.” हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. दहा दिवस टिकण्याचा निश्चय त्या माणसाने स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. तो उतरवून घ्यायला कोणीतरी अधिकाराचा माणूस लागतो. बायकोने किंवा मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी त्यांना ती हारच वाटली असती.

दुपारी पत्नी आल्या, सोबत भाऊ. फाटकापाशीच त्यांनी पर्समधून स्ट्रिप काढली आणि मला म्हणाल्या, “तिसऱ्या दिवशी कपाटात सापडली, भाऊ. भरलेली. तेव्हाच कळलं मला. पण शिबिरात फोन करायचा नसतो म्हणतात, म्हणून नाही केला.” मग नवऱ्याकडे वळून, “अहो, घ्या आधी.” त्यांनी आमच्या कूलरचं पाणी घेऊन गोळी घेतली. रिक्षात बसताना मला विचारलं, “माझं नाव लिस्टमध्ये काय लिहिणार? सोडून गेले असं?”

मी म्हटलं, आजारी म्हणून घरी. वहीत तसंच आहे.

संखार की गोळी

घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या रात्रीपासून झोप लागायला लागली. करंट त्याच्या आधीच थांबला होता. दोन आठवडे रजा झाली. आचार्यांनी महिनाभर अजिबात बसू नका सांगितलं, नंतर वीस मिनिटं आनापान, खुर्चीवर, खिडकी उघडी ठेवून. काही महिन्यांनी डॉक्टरांनीच पंचवीसची साडेबारा केली. आजही ती चालू आहे आणि बंद करायची घाई कुणालाच नाही.

त्यांना जे खात होतं ते वेगळंच. चार महिन्यांनी ते ठाण्यातल्या रविवारच्या सामूहिक साधनेला आले. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, “काका, मी ज्याला धाराप्रवाह म्हणत होतो ती गोळीची उतरण होती. मग पहिल्या वेळची तरी खरी होती का?”

तेव्हा मी मोज्याची आठवण करून दिली. पहिल्या वेळी गोळी चालू होती. गोळीने काही अडवलं नव्हतं. मग संवेदना खरी का खोटी या प्रश्नाला अर्थच राहत नाही. करंट खराच होता, फक्त त्याचं नाव त्यांनी चुकीचं लिहिलं.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात सीवक सुत्त आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे काही सुख-दुःख अनुभवतो ते सगळं पूर्वकर्मामुळे असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतूचा बदल, शरीराची नीट काळजी न घेणं, बाहेरचा आघात, आणि आठवं कर्मफळ. सगळं कर्मावर ढकलणारे प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्याही पुढे धावतात, असं ते म्हणतात. गोएंका गुरुजीही प्रवचनात अन्न, हवामान, आत्ताची प्रतिक्रिया आणि जुने संखार अशी संवेदनांची वेगवेगळी कारणं सांगतात. त्या तरुण सेवकाला मी सुत्त वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, यात गोळी बंद करणं कुठल्या नंबरात येईल? मी म्हटलं सहाव्या. तो म्हणाला, सातव्यातही येऊ शकेल. अजून एकमत झालेलं नाही.

गुरुजींची स्वतःची गोष्टही इथे आठवते. ते 1955 मध्ये रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीपायी. त्या दुखण्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत होती. ऊ बा खिन बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल राहिलेले. हिशेबाचा माणूस. रोग बरा करायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी आधी बजावलं. साधना दवाखान्याच्या जागी बसवायची नाही, ही खबरदारी या परंपरेच्या पहिल्या पानावरच आहे.

2017 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी बौद्ध ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखतींमधून अवघड अनुभवांचे 59 प्रकार नोंदवले. झोप उडणं आणि अंगातून वीज गेल्यासारखं वाटणं त्यांतही आहे. म्हणजे गोळीशिवायही असं होऊ शकतं. म्हणूनच तर विचारायला हवं. एकच लक्षण दोन वेगळ्या वाटांनी येत असेल तर वाट कोणती हे बसलेला माणूस सांगू शकत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. ‘कारण शोधू नका, फक्त जाणा’ ही सूचना डोळे मिटून बसलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्यासाठी ती शंभर टक्के योग्य आहे. वही घेऊन हॉलच्या दाराशी उभा असलेल्याने तीच सूचना स्वतःला लावून घेतली तर तो नुसता सुस्त होतो. मी झालो होतो. रेघ बघितली, चक्कर ऐकली, करंट ऐकला, तिन्ही वेळा ‘होतं असं’ म्हटलं. फॉर्मवर खोटं त्यांनी लिहिलं हे खरं. पण ते का लिहिलं? खरं लिहिलं तर प्रवेश मिळणार नाही, या भीतीने. ती भीती कमी करण्याचं काम त्या टेबलावर बसलेल्याचंच असतं, आणि मागे तीस माणसं उभी आहेत ही काही सबब नव्हे.

त्यानंतर तीन शिबिरांत मी नोंदणीला बसलोय. औषध चालू आहे का, हे फॉर्म विचारतोच. मी दुसरंच विचारतो, आवाज खाली आणून: “गेल्या दोन महिन्यांत कुठली गोळी बंद केलीत?” गंमत म्हणजे या प्रश्नाला माणसं खोटं बोलत नाहीत. एकीने थायरॉइडची सांगितली, एकाने मधुमेहाची, आणि मी दोघांना तिथूनच घरी फोन लावायला लावला.

मागच्या खेपेला ऐरोलीचा एक तिशीतला मुलगा बसला होता. प्रश्न ऐकून त्याने पेन खाली ठेवलं.

“बंद नाही केली काका. पण आज सकाळची घेतली नाही.”

“बॅगेत आहे?”

“आहे.”

“कूलर त्या बाजूला,” मी म्हटलं. “घेऊन या, तोवर तुमचा फॉर्म थांबवतो.”